पत्रा कापण्याआधी

नागपुरात डेझर्ट कूलर दोनदा जोडला जातो. एकदा हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एखाद्या शेडमध्ये, थंडी संपता संपता. आणि मग दर वर्षी होळीच्या आगेमागे घरोघरी. गच्चीवरून किंवा माळ्यावरून तो खाली येतो, टाकीतला गंज घासला जातो, तिन्ही बाजूंच्या ताट्या उघडून जुने गवत काढून नवे भरतात, पंप चालतो का ते बघतात, आणि गेल्या वर्षी डबीत जपून ठेवलेल्या सहा स्क्रूंपैकी चारच सापडतात. उरलेल्या दोन जागी तार बांधली जाते. अख्खा नवतपा त्या तारेवर निघतो. ती तार डिझाइन करणाऱ्याला मात्र कधी दिसत नाही.

वस्तू जोडायला सोपी असावी, हा विचार बहुतेक कारखान्यांत पहिला लॉट लाइनवर आल्यावर सुरू होतो. तोवर डाय झालेली असते, पत्रा येऊन पडलेला असतो, डीलरला तारीख दिलेली असते. मग उपाय म्हणून एक हेल्पर वाढतो आणि कानस घेऊन भोके मोठी करण्याचे काम त्याच्याकडे जाते. हा लेख त्याच्या आधीच्या तीन-चार महिन्यांबद्दल आहे. त्या काळात कोणते सॉफ्टवेअर कुठे उपयोगी पडते, कुठे पडत नाही आणि कोणत्या क्रमाने वापरायचे, ते बघू. उदाहरण कूलरचे घेतो. तुमचे उत्पादन पेरणी यंत्र असो, स्विच-पॅनलची पेटी असो की दवाखान्यातला पलंग, हिशेब हाच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हिंगणा एमआयडीसीतल्या अनेक शेडमध्ये स्वतःचे उत्पादन नसते. महिंद्राच्या ट्रॅक्टर कारखान्यासारख्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगबरहुकूम जॉबवर्क चालते. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे असेल तर तुम्ही सूचना पाठवू शकता, भाग बदलू शकत नाही. अशा जॉबवर्कवाल्यांनाही पुढचा हिशेब कामाचा आहे, कारण आकड्यांसह पाठवलेली सूचना निदान वाचली जाते. पण खरा फायदा ज्यांचे ड्रॉइंग स्वतःचे आहे त्यांचा.

आधी टेबल, मग संगणक

जोडणीच्या दृष्टीने डिझाइन तपासण्याची जी पद्धत जगभर रुळली, ती जॉफ्री बूथरॉइड यांची. हे इंग्लंडचे प्राध्यापक अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेले. यंत्राने आपोआप जोडणी करायची तर सुटे भाग यंत्राला कसे पुरवायचे, हा त्यांचा मूळ विषय. त्यातून माणसाच्या हाताला एखादा भाग उचलायला, वळवायला, बसवायला किती सेकंद लागतात याचे तक्ते १९७०च्या दशकाअखेर तयार झाले. पुढे पीटर ड्यूहर्स्ट यांच्यासोबत त्यांनी त्या तक्त्यांचे सॉफ्टवेअर केले आणि कंपनी काढली. १९९१ मध्ये दोघांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. त्यांचे सॉफ्टवेअर आजही विकले जाते. त्याचा गाभा मात्र तीन प्रश्नांचा आहे आणि त्या प्रश्नांना परवाना लागत नाही.

प्रत्येक भाग हातात घेऊन विचारायचे. वस्तू चालू असताना हा भाग त्याच्या आधी बसवलेल्या भागांपेक्षा वेगळा हलतो का? तो वेगळ्याच पदार्थाचा असणे भाग आहे का, म्हणजे वीज अडवायला किंवा उष्णता सोसायला? आणि तो वेगळा ठेवला नाही तर दुसरा एखादा आवश्यक भाग बसवणे किंवा काढणे अशक्य होते का? तिन्ही उत्तरे ‘नाही’ आली, तर तो भाग शेजारच्या भागात मिसळता आला पाहिजे किंवा काढून टाकता आला पाहिजे. नट, बोल्ट, स्क्रू, वायसर, रिव्हेट यांना प्रश्न विचारायची गरजच नाही. ते नेहमी ‘नाही’च्या रकान्यात.

इथे घाई होते ती तिसऱ्या प्रश्नावर. कूलरची ताटी बघा. पहिले दोन प्रश्न लावले तर ती बॉडीलाच जोडून टाकावी असे वाटेल. पण गवत दर वर्षी बदलायचे आहे, म्हणून ती वेगळी हवीच. मात्र ताटी वेगळी हवी याचा अर्थ तिला सहा स्क्रू हवेत असा नाही. खाली दोन खाचा आणि वर एक फिरती कळ एवढ्यावर ती बसू शकते. घरी उघडणाऱ्याला मग पानाही लागत नाही आणि तारही.

म्हणून पहिले काम संगणक बंद ठेवून करायचे. तुमचा चालू मॉडेल, आणि शक्य असेल तर बाजारातला प्रतिस्पर्ध्याचा एक, टेबलावर पूर्ण उघडा. शेवटच्या वायसरपर्यंत. भाग ज्या क्रमाने बसतात त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. मग रोज जोडणी करणाऱ्या फिटरला बोलवा आणि त्याला परत जोडायला सांगा. मोबाइलवर व्हिडिओ घ्या. बोलायचे कोणी नाही, फक्त बघायचे. तो कुठे दोन्ही हात गुंतल्यावर गुडघ्याने आधार देतो, कुठे भाग उलटा लावून परत काढतो, कुठे अंगठ्याने चाचपडत आतला नट धरतो, हे सगळे व्हिडिओत येते आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये येत नाही.

चोपन्न तुकडे

आता आकडे. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे तुम्ही घड्याळ लावून काढा. कूलरचा पुढचा भाग घेऊ, म्हणजे पंखा, मोटर आणि जाळी.

समोरचा पत्रा १. पंख्याची रिंग १, तिला ८ बोल्ट, ८ नट, ८ वायसर. मोटर धरणाऱ्या पट्ट्या ३, त्यांना ६ बोल्ट आणि ६ नट. मोटर १, तिचा क्लँप १, क्लँपचा बोल्ट आणि नट मिळून २. पाते १, त्याचा ग्रब स्क्रू १. जाळी १, तिला ६ स्क्रू. बेरीज ५४. पान्याने जोडताना चांगल्या फिटरला समजा साडेसात मिनिटे, म्हणजे ४५० सेकंद लागतात.

तीन प्रश्न लावले तर खरोखर आवश्यक किती? समोरचा पत्रा, कारण कशावर तरी बसवायचेच आहे. मोटर. आणि पाते, कारण ते फिरते. जाळी? पाते मागून बसवता येत असेल तर जाळी समोरच्या पत्र्यातच कापता येते, तेव्हा तत्त्वतः नाही. म्हणजे ५४ पैकी ३.

बूथरॉइड यांच्या हिशेबात नीट हातात येणारा, सहज बसणारा भाग साधारण ३ सेकंदांत बसतो. म्हणून आदर्श वेळ ३ गुणिले ३, म्हणजे ९ सेकंद. ९ भागिले ४५०, म्हणजे २ टक्के. यालाच डीएफए (डिझाइन फॉर असेंब्ली) निर्देशांक म्हणतात. दोन टक्के वाचून कोणी खचू नये. चालू उत्पादनांचा निर्देशांक पहिल्यांदा काढला की तो असाच एक आकडी येणे नवल नाही. हा आकडा शंभरावर न्यायचा नसतो. दोन पर्यायांत कोणता बरा, हे कळण्यापुरताच त्याचा उपयोग.

याहून सोपा हिशेब हवा असेल तर इंग्लंडच्या लुकास कंपनीने हल विद्यापीठासोबत १९८०च्या दशकात बसवलेली पद्धत घ्या. तीत भागांचे दोनच वर्ग: आवश्यक ते ‘अ’, बाकीचे ‘ब’. ‘अ’ भागिले एकूण. आपल्या उदाहरणात ३ भागिले ५४, साडेपाच टक्के. लुकासवाले नव्या डिझाइनला ६० टक्क्यांची अपेक्षा धरायचे. जपानच्या हिताचीची तिसरी पद्धत हालचालीवर गुण कापते. भाग वरून सरळ खाली बसला तर पूर्ण गुण. तिरका घालावा लागला, फिरवावा लागला, धरून ठेवावा लागला की गुण कमी. तिन्हींचे मिश्रण करू नका. एक पकडा आणि वर्षानुवर्षे तीच वापरा, म्हणजे गेल्या वर्षीच्या मॉडेलशी तुलना करता येते.

आता बदल. सर्वांत देखणा उपाय म्हणजे समोरच्या पत्र्यातच प्रेसवर कॉलर ओढणे, म्हणजे रिंगच संपली. पण त्याला ड्रॉइंग डाय लागते, आणि हंगामाला काही शे कूलर करणाऱ्याला ती परवडणार नाही. त्यामुळे रिंग ठेवू, पण तिला चार जिभा काढू. त्या समोरच्या पत्र्यातल्या खाचांत घालून मागून वाकवायच्या. तीन पट्ट्यांऐवजी लेझरवर कापलेला एकच ब्रॅकेट, पत्र्यावरच्या वेल्ड नटात ३ फ्लँज बोल्टांनी बसणारा. फ्लँज बोल्ट घेतला की वायसर गेला, वेल्ड नट घेतला की मागून पाना धरणारा हात मोकळा. मोटरची पट्टी १ आणि तिचा बोल्ट १. पाते आणि ग्रब स्क्रू तसेच. जाळीला वर आकडे आणि खाली २ स्क्रू.

मोजा. पत्रा, रिंग, ब्रॅकेट, ३ बोल्ट, मोटर, पट्टी, बोल्ट, पाते, ग्रब स्क्रू, जाळी, २ स्क्रू. एकूण १४. वेळ समजा १०० सेकंद. निर्देशांक ९ टक्के. लुकासच्या हिशेबाने २१. पुस्तकाच्या दृष्टीने अजूनही गरीबच. पण एका कूलरमागे ३५० सेकंद वाचले आणि रोज ४० कूलर निघत असतील तर १४,००० सेकंद, म्हणजे एका माणसाचे जवळपास चार तास.

इथेच थांबून मालक खूश होतात आणि इथेच फसगत असते. वेल्ड नट आपोआप लागत नाही. तो फॅब्रिकेशनवाला लावतो आणि त्याचे पैसे घेतो. लेझर कटिंगही फुकट नाही. असेंब्लीच्या टेबलावरची मिनिटे शेजारच्या शेडमध्ये ढकलली गेली, तर तुमचा निर्देशांक सुधारतो आणि खर्च तिथेच राहतो. म्हणून रकान्यात सेकंदांशेजारी रुपये लिहा: प्रत्येक भागाचा, आधी आणि नंतर.

आयबीएमच्या प्रोप्रिंटरचे उदाहरण या विषयावरच्या प्रत्येक वर्गात सांगतात. १९८५ मध्ये आलेला हा छपाईयंत्राचा मॉडेल रोबोटने जोडायचा म्हणून बेतला होता. तुलनेला घेतलेल्या एप्सनच्या यंत्रात दीडशेवर भाग होते, यात ३२. जोडणीची वेळ अर्ध्या तासावरून तीन मिनिटांवर आली. आणि मग लक्षात आले की इतकी सोपी वस्तू माणूस साध्या हाताने, एकही हत्यार न घेता जोडू शकतो. रोबोटसाठी केलेल्या डिझाइनने रोबोटचीच गरज कमी केली. आपल्याकडे ‘ऑटोमेशन करायचे आहे’ म्हणून कोटेशन मागवणाऱ्यांनी आधी हा प्रयोग करून बघायला हरकत नाही.

सॉफ्टवेअर कुठे शिरते

पहिले सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहेच: एक्सेल किंवा फुकटचे लिब्रेऑफिस. प्रत्येक भागाला एक ओळ. रकाने असे: भागाचे नाव, नग, तीन प्रश्नांची हो-नाही उत्तरे, फास्टनर आहे का, बसवायची दिशा, धरून ठेवावा लागतो का, सेकंद, रुपये, शेरा. स्क्रू उचलून, जागेवर नेऊन, पिळून घट्ट करायला आठेक सेकंद धरा. जागा अडचणीची असेल तर जास्त. व्हिडिओवरून आलेला स्वतःचा आकडा असेल तर तोच टाका. एवढ्या तक्त्यावर तीन-चार पर्यायांची तुलना होते आणि थ्रीडीची एक रेघही ओढावी लागत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात हेच सर्वांत मोलाचे, कारण एकदा थ्रीडी मॉडेल सुबक झाले की करणाऱ्याचा त्यात जीव गुंततो. तीन दिवस खपून केलेल्या ब्रॅकेटला ‘हा लागतच नाही’ म्हणणे जड जाते.

तक्त्यातून एक पर्याय पक्का झाला की थ्रीडी. सुरुवातीला खोकीच चालतील: मोटर म्हणजे एक सिलिंडर, पंप म्हणजे एक ठोकळा. बॉडीच्या वळणांची नक्षी नंतर. सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये या टप्प्यावर तीन गोष्टी करा. भाग एकमेकांत घुसतात का ती तपासणी. शेजारच्या दोन भागांची भोके एका रेषेत आहेत का ती तपासणी; याची वेगळी आज्ञा तिथे असते आणि बहुतेकांना ती माहीतच नसते. आणि भाग सुटे करून दाखवणारा एक्स्प्लोडेड व्ह्यू, पण उलट्या अर्थाने: चित्र छान दिसावे म्हणून नव्हे, तर एकेक भाग खऱ्या क्रमाने आत सरकवत. वाटेत काहीतरी अडले तर टेबलावरही अडणार आहे.

चौथी गोष्ट कुठल्याच मेनूत नाही, ती स्वतः करायची. हत्याराचे मॉडेल करा. एम-६ बोल्टला दहा नंबरचा पाना लागतो. त्या पान्याची जाडी आणि लांबी मोजून एक साधा ठोकळा बनवा. स्क्रू ड्रायव्हर किंवा न्यूमॅटिक गनसाठी एक सिलिंडर. तो बोल्टच्या डोक्यावर ठेवून फिरवून बघा. टाकीच्या कोपऱ्यातल्या फ्लोट वॉल्वच्या नटाभोवती पाना किती अंश फिरतो, हे स्क्रीनवर दोन मिनिटांत दिसते. शेडमध्ये तेच कळायला पहिला लॉट पूर्ण व्हावा लागतो.

सॉलिडवर्क्सचा परवाना परवडत नसेल तर फ्रीकॅड बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.० आवृत्तीत असेंब्लीचा विभाग आतच आला आहे. त्यात सुट्या भागांची यादी आणि एक्स्प्लोडेड व्ह्यू दोन्ही निघतात. पत्र्याच्या कामासाठी आणि नट-बोल्टांसाठी जोडभाग फुकट मिळतात. भाग एकमेकांत घुसतात का ते बघायला दोन भागांचा सामाईक घन काढा. काही उरले तर तेवढी टक्कर. हाताळायला थोडे अवघड आहे, आणि मोठ्या असेंब्लीत अडखळते. पण कूलरच्या मापाच्या वस्तूला पुरते.

मग येतात नियम तपासणारी सॉफ्टवेअरे. यात महाराष्ट्राचा हात मोठा आहे, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनाही ते सहसा ठाऊक नसते. गोदरेजने उभी केलेली जिओमेट्रिक ही मुंबई-पुण्याची कंपनी. तिने डीएफएमप्रो नावाचे सॉफ्टवेअर केले. ते सॉलिडवर्क्स, क्रिओ, एनएक्स या थ्रीडी सॉफ्टवेअरांच्या आत बसून मॉडेल तपासते: भोक काठाला फार जवळ आहे, वळणाची त्रिज्या कमी आहे, स्क्रूला हत्यार पोचत नाही, दोन भोके जुळत नाहीत. २०१७ मध्ये जिओमेट्रिक एचसीएलकडे गेली आणि सॉफ्टवेअरही. याची छोटी आवृत्ती डीएफएमएक्सप्रेस या नावाने सॉलिडवर्क्समध्येच मिळते. ती जोडणी तपासत नाही, भाग बनवायला सोपा आहे का तेवढेच बघते. पण पत्र्याच्या कामात जोडणीच्या अनेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. वळणाच्या फार जवळ पाडलेले भोक वाकवताना लांबट होते आणि मग शेजारच्या भोकाशी जुळत नाही. भोकाच्या काठापासून वळणापर्यंत निदान पत्र्याच्या दुप्पट जाडी अधिक वळणाची त्रिज्या, एवढे अंतर ठेवा. सॉफ्टवेअर असो वा नसो.

या सगळ्यांचा एक स्वभाव ओळखून ठेवा. नियम तपासणारे सॉफ्टवेअर मॉडेलमध्ये काय आहे ते बघते. काय नसते तर चालले असते, ते विचारत नाही. चोपन्न भागांचा कूलर त्याच्यासमोर ठेवलात तर सगळी भोके बरोबर असल्याचे ते हिरव्या खुणेने कळवेल. म्हणून त्याचा क्रमांक तीन प्रश्नांनंतरच. बूथरॉइड-ड्यूहर्स्टचे सॉफ्टवेअर याच्या उलट बाजूने चालते: त्याला मॉडेल नसले तरी चालते, भागांची यादी लागते, आणि तिथे तेच तीन प्रश्न विचारून सेकंद आणि खर्च निघतो. वर्षाला दहा-बारा नवी उत्पादने काढणाऱ्या कंपनीने ते जरूर बघावे. एक-दोन मॉडेलवर चालणाऱ्या शेडला एक्सेल आणि घड्याळ पुरे.

स्क्रीनला न दिसणारे

पावडर कोटिंग. थ्रीडीमध्ये १ मिलिमीटर पत्र्याची जीभ १.१ मिलिमीटरच्या खाचेत मस्त बसते, तपासणी हिरवी येते. पण कोटिंगचा थर प्रत्येक बाजूला साधारण ६० ते ८० मायक्रॉन. जीभ दोन्ही बाजूंनी जाड होते, खाच दोन्ही बाजूंनी अरुंद. मिळून सुमारे पाव ते तीन दशांश मिलिमीटर गेले, आणि तुम्ही ठेवला होता एक दशांश. मग हातोडी निघते, कोटिंग सोलते, आणि सोललेल्या जागी पहिल्याच हंगामात गंज धरतो. जीभ-खाचेची मापे कोटिंगनंतरची लिहा आणि ड्रॉइंगवर तसे स्पष्ट नोंदवा.

थरथर. स्क्रू काढून जिभा आणि आकडे आणले की वस्तू झटपट जुळते, पण मोटर चालू झाली की सैल जीभ खडखडते. रात्री दोनला कूलर वाजू लागला तर जोडणीत वाचलेल्या मिनिटांचे कौतुक कोणी करत नाही. मोटरच्या आसपास रबरी ग्रोमेट किंवा घट्ट बोल्ट ठेवा. काटकसर ताटी, जाळी, झाकण इथे करा.

पाणी आणि गंज. टाकीच्या आत वेल्ड नट लावू नका, हे एवढेच.

फास्टनरची संख्या कमी करता आली नाही तर निदान जाती कमी करा. एका कूलरमध्ये चार लांबीचे आणि तीन जाडीचे बोल्ट असतील तर फिटरच्या समोर बारापर्यंत डबे, आणि चुकून लांब बोल्ट गेला की तो पात्याला घासतो. इतवारीच्या लोहाओळीत जे माप केव्हाही आणि खात्रीने मिळते, तेच माप डिझाइनमध्ये धरा. ऐन मार्चमध्ये माल अडला तर दुपारपर्यंत आणता आला पाहिजे.

बोल्टापायी अडण्याचे प्रसंग मोठ्यांनाही चुकलेले नाहीत. नागपूरच्याच मिहानमध्ये टाटा समूहाच्या टाल कंपनीने बोइंग ७८७ च्या केबिनखालच्या संमिश्र तुळया बनवल्या. हे विमानच मुळी भाग कमी करण्याच्या विचारावर उभे होते. बोइंगचे म्हणणे असे की फ्युजलाजचा एक अखंड पिंप केला की १,५०० अॅल्युमिनियमचे पत्रे आणि ४० ते ५० हजार फास्टनर वाचतात. आणि ८ जुलै २००७ रोजी विमान थाटात लोकांसमोर आणले, तेव्हा उरलेल्या फास्टनरचाच तुटवडा होता. बऱ्याच ठिकाणी तात्पुरते लावलेले नंतर काढून बदलावे लागले. डिझाइन हुशार होते. खरेदी मागे राहिली.

मिहानमध्येच दसॉल्ट रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन विमानांचे भाग होतात. ज्या दसॉल्ट घराण्याची ही विमाने, त्यातूनच १९८१ मध्ये कॅटिया हे थ्रीडी सॉफ्टवेअर विकणारी कंपनी निघाली आणि पुढे सॉलिडवर्क्सही तिने घेतले. विमान बांधणाऱ्यांच्या गरजेपोटी उभ्या राहिलेल्या कंपनीचे हत्यार आज कूलरवाला वापरतो. ते हजारो भागही पेलते, आणि म्हणूनच त्याच्यासमोर भाग वाढले तर ते तक्रार करत नाही.

आणखी एक सावधगिरी, आकड्यांबद्दल. ‘खर्चाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग डिझाइनमध्येच ठरतो’ हे वाक्य प्रत्येक सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या पहिल्या स्लाइडवर असते. एमआयटीच्या कार्ल उलरिच आणि स्कॉट पिअर्सन यांनी १९९३ मध्ये हे खरे का ते तपासायला बाजारातली १८ कॉफी यंत्रे उघडून भागन् भाग मोजला. डिझाइनचा वाटा मोठाच निघाला. पण कारखाना कसा चालतो याचाही वाटा तसाच मोठा. म्हणून डेमो बघताना त्या स्लाइडवर भुलू नका. विक्रेत्याला तुमची स्वतःची फाइल द्या, त्याची तयार फाइल नको, आणि तुमच्या समोर चालवून दाखवायला सांगा.

वेळापत्रक

कूलरच्या धंद्यात तारखा हवामान ठरवते, त्यामुळे मागून मोजत या. फेब्रुवारीत लाइन चालू हवी, म्हणजे पत्रा जानेवारीत कापला गेला पाहिजे, म्हणजे ड्रॉइंग डिसेंबरअखेर पक्के. टेबलावर उघडायचे काम सप्टेंबरातच उरका, कारण तेव्हा परत आलेले, तार बांधलेले, गंजलेले कूलर दुरुस्तीला पडलेले असतात. नवा कूलर उघडण्यापेक्षा ते उघडणे जास्त शिकवते. ऑक्टोबरात तक्ता आणि तीन प्रश्न. दिवाळीनंतर खोक्यांचे थ्रीडी आणि हत्याराची तपासणी. डिसेंबरात दोन नमुने: एक कोटिंग केलेला, एक न केलेला. दोन्ही अशा माणसाला जोडायला द्या ज्याने ड्रॉइंग पाहिलेले नाही. तो अडेल तिथे त्याला मदत करू नका, टिपून घ्या.

खर्चाबाबत केंद्र सरकारच्या सूक्ष्म-लघु उद्योग खात्याच्या नावीन्य योजनेत डिझाइनसाठी अनुदानाचा भाग आहे. अटी बदलत राहतात, तेव्हा सेमिनरी हिल्सच्या सीजीओ संकुलातल्या विकास कार्यालयात जाऊन चालू परिपत्रक मागा. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन किंवा हिंगण्याच्या उद्योजक संघटनेतून आधी अर्ज केलेल्यांची ओळख निघाली तर कागद कुठे अडतात ते कळते. व्हीएनआयटीच्या किंवा जवळच्या एखाद्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तुमचा कूलर प्रकल्प म्हणून द्या. त्यांच्याकडे विद्यार्थी परवाने असतात, पण त्या फाइली धंद्यात वापरायला मनाई असते. त्यांच्याकडून तक्ता आणि सूचना घ्या. उत्पादनाचे ड्रॉइंग तुमच्याच परवान्यावर किंवा फ्रीकॅडवर करा. आणि त्यांना पहिल्या दिवशी स्क्रीनसमोर बसवू नका. आठवडाभर फिटरच्या शेजारी उभे करा, हातात वही देऊन.